रिफंडकाकूंची सात नंबरची खोली

रिफंडकाकूंना हे नाव कोणी ठेवलं, यावर बिल्डिंगमध्ये अजून एकमत नाही. तळमजल्यावरचे मास्तर म्हणतात आपण ठेवलं, तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणतात त्यांनी. खरं म्हणजे ते काकूंनी स्वतःच ओढवून घेतलं. जिन्यात कोणी विचारलं, "काय, कसं काय?" तर चार बायका म्हणतील, चाललंय आपलं. काकू पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि म्हणतात, "तिघांचे रिफंड अडकलेत."

काकू टूरवाल्यांच्या ऑफिसात एकवीस वर्षं आहेत. तिथे पुढच्या टेबलांवर बुकिंग होतं. पुढे एसी, भिंतीवर बर्फाचे डोंगर, आल्यागेल्याला गार पाणी. काकूंचं टेबल मागे, झेरॉक्सचं मशीन आणि बाथरूमचं दार यांच्या मधल्या बेचक्यात. पुढे जी माणसं हसत येतात, तीच काही महिन्यांनी तोंड पाडून मागे येतात. पुढच्या मुलींनी लग्नं लावायची आणि काकूंनी काडीमोड करून द्यायचे, अशी कामाची वाटणी आहे. आणि काडीमोडाला वेळ फार लागतो. फोनचा रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यात दाबून धरून धरून काकूंची मान कायमची डावीकडे कलली आहे. हॉटेलवाले फोन धरायला लावून जी धून ऐकवतात, ती कपडे वाळत घालतानाही त्यांच्या तोंडून येते. शिंपीणबाईंना वाटायचं, बाई आनंदात आहेत.

लवकर बुकिंग करणाऱ्याला वाटतं, आपल्यासारखे हुशार आपणच. खोली स्वस्त मिळाली, हवी ती मिळाली. पण सहा महिन्यांनी कोणाचा पाय मोडेल, कोणाचा साहेब रजा नाकारेल, कोणाचे व्याही अचानक दारात उभे राहतील, हे कोणी सांगावं? म्हणून काकूंचं म्हणणं एवढंच, की दर नंतर वाचा, आधी त्याच्या खालची ओळ वाचा. पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख तिथे असते. ती तारीख काकू कधीही आहे तशी लिहीत नाहीत, एक दिवस अलीकडची लिहितात. बारा असली तर अकरा. घड्याळं मागेपुढे असतात, बँका झोपलेल्या असतात, आणि गिऱ्हाईक तर शेवटच्या दिवशीच उठतं. तो एक चोरलेला दिवस कितीतरी लोकांच्या कामी आला, आणि एकाही पठ्ठ्याला त्याचा पत्ता नाही.

आणखी एक त्यांचं व्रत म्हणजे खोटं कारण द्यायचं नाही. पैसे परत मिळावेत म्हणून लोक काय काय करतात ते काकूंनी पाहिलंय. पडद्यांचं दुकान असलेले एक गृहस्थ दर सीझनला येतात, बसायच्या आधीच चेहरा पाडतात.

"काका वारले."

"अरेरे. थोरले का?"

"मधले."

"मधले मागच्या वर्षी वारले की. मीच तर कागद पाठवले."

गृहस्थ थोडा वेळ झेरॉक्स मशीनकडे बघतात. "मधले दोन होते," म्हणतात.

काकू हसत नाहीत. "जिवंत माणसाला मारू नका," एवढं म्हणतात, "दाखला मागतात." आणि खरं कारण काढून घेऊन, त्यातूनच कुठलं तरी कलम शोधून, पैसे परत आणून देतात. ते कलम शोधणं ही त्यांची खरी विद्या. हॉटेलच्या एका कागदावर वर एक आणि खाली दुसरंच लिहिलेलं असेल, तर काकू त्या दोन ओळींच्या फटीत बोट घालून आख्खं दार उघडतात. "तुमच्याच कागदात दोन अटी आहेत, मग गिऱ्हाइकाच्या फायद्याची धरा," हे वाक्य त्या इतक्या शांतपणे म्हणतात, की समोरचा वाद घालायचंच विसरतो. या मुद्द्यावर त्या आजवर हरलेल्या नाहीत.

आता जगाचे काडीमोड करणाऱ्या या बाईची स्वतःची एक सोयरीक अकरा वर्षं जमत होती आणि मोडत होती, ती सांगायला हवी.

तळ्याकाठी एक बारा खोल्यांचं हॉटेल आहे. त्यातल्या सात नंबरच्या खोलीला पाण्याच्या बाजूला मोठी खिडकी, आणि खिडकीपाशी हात टेकायला रुंद दांड्या असलेली एक खुर्ची. काकूंनी ती फोटोतच पाहिली. दरवर्षी बुकिंग उघडलं, की त्या पहिल्याच दिवशी, अकरा महिने आधी, सात नंबर दोन रात्रींसाठी धरतात. आणि दरवर्षी मुदत संपायच्या आत सोडतात. कधी काकांची रजा, कधी पाण्याची टाकी गळली, आणि बहुतेक वेळा नणंद. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या, गुडघ्याने अधू. त्यांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून नणंद दोन दिवस येऊन राहणार असते, आणि ऐन वेळी तिचा फोन येतो. "वहिनी, या वेळी नाही गं जमत." परत आलेले पैसे घरातल्या घरात विरून जातात. एकदा ते टाकीत गेले, एकदा सासूबाईंच्या कवळीत.

पण मधले अकरा महिने ती खोली काकूंची असते. बाथरूमच्या दाराशी बसून कोणाच्या तरी मेलेल्या काकांशी झगडताना त्या मनात म्हणतात, सात नंबर आपला आहे. तिथे जाऊन त्यांना तळं बघायचं नव्हतं की नावेत बसायचं नव्हतं. आपोआप जाग येईपर्यंत झोपायचं होतं. मागणं एवढंच, पण एकवीस वर्षांत ते कुठल्याच दरात बसलं नाही.

यंदा कॅलेंडर आलं तेव्हा काकूंचे हात साबणाचे होते. सासूबाई पलंगावर बसून, भिंग घेऊन, हॉटेलचा कागद वाचत होत्या. म्हातारी घरात आलेला कुठलाही कागद सोडत नाही. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, लाइटच्या बिलाची मागची बाजू, सगळं भिंगाखालून जातं.

"आई, शेवटची तारीख काय आहे हो?" काकूंनी आतून विचारलं.

"बारा," सासूबाई म्हणाल्या.

काकूंनी हात पुसले आणि बारावर लाल गोल केला. आता गंमत अशी, की काकूंची ती एक दिवस चोरायची सवय एव्हाना घरभर पसरली होती. काका लिफ्ट दुरुस्त करायला जाताना दहाची वेळ साडेनऊ सांगतात. सासूबाई डॉक्टरची वेळ अर्धा तास अलीकडची सांगतात. त्यामुळे काकूंना वाटलं, आईंनी एक वजा करूनच सांगितलं असणार, म्हणजे खरी तेरा. सासूबाईंनी वजा केलं नव्हतं. ते काम सुनेचं, असं त्या धरून चालल्या होत्या. निदान पुढे काकांनी विचारल्यावर त्यांनी तसं सांगितलं.

बारा तारखेला सकाळी नणंदेचा फोन आला. काकू डबा भरत होत्या, फोन स्पीकरवर होता.

"वहिनी, रागावू नका."

"नाही रागावत."

"यांच्या ऑफिसातले लोक जेवायला यायचेत."

"बरं."

"तुम्ही रागावलात."

"अगं, आता रागवायला सुद्धा उभं राहायला लागतं. मी बसल्ये."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "तिला म्हणावं, मी मेल्यावर तरी ये. तेव्हा जेवण बाहेरून मागवता येतं."

नणंदेने घाईघाईने फोन ठेवला. काकूंनी कॅलेंडरवरच्या लाल गोलाकडे पाहिलं. फोन करून खोली सोडायला दोन मिनिटं पुरली असती. पण अजून एक दिवस हातात आहे, असं त्यांनी स्वतःशी म्हटलं, आणि डब्याचं झाकण लावलं. तो शेवटचा दिवस त्या दरवर्षीच राखून ठेवायच्या. खोली अजून आपली आहे, एवढंच. गोळी संपत आली की जिभेवर जरा फिरवत ठेवतात, तसं.

तेराला दुपारी, पडदेवाल्यांचं काम संपवून, काकूंनी तळ्याच्या हॉटेलात फोन लावला. तिथल्या काउंटरवर तोच माणूस अकरा वर्षं आहे. आवाज ओळखीचा, तोंड पाहिलेलं नाही. तो यांना ताई म्हणतो, या त्याला भाऊ.

"बोला ताई. तुमचाच फोन कसा आला नाही, म्हणत होतो. काल सकाळपासून वाट बघितली."

"काल का?"

"काल शेवटचा दिवस ना."

काकूंची कललेली मान एकदम सरळ झाली. "आज आहे शेवटचा."

"नाही ताई, येण्याच्या आठ दिवस आधी. तुमचं येणं वीस तारखेला. काल संपली मुदत. मला वाटलं, या वेळी खरंच येताय. मी खिडकीला नवा पडदा लावायला सांगितला."

काकूंनी बोटांवर विसातून आठ वजा केले. पलीकडे माणूस अवघडला. "असं करा, काही कारण असेल तर सांगा. मालक सहाला येतात, त्यांच्यापुढे ठेवतो. घरात कोणी आजारी... म्हणजे तसं होऊ नये, पण असेल तर."

"सगळे ठणठणीत आहेत."

"मग काय सांगू?"

"नणंदेला जमत नाही."

भाऊंनी बहुतेक चालणाऱ्या कारणांची यादी पाहिली. "हे नाहीये ताई यात," ते हळूच म्हणाले.

एकवीस वर्षांत शेकडो लोकांना जी चूक काकूंनी करू दिली नाही, ती त्यांनी स्वतः केली होती. त्या दिवशी बसमधून उतरल्यावर त्या जिना चढल्या तो मास्तरांनी दार उघडून बघावं इतका सावकाश. मास्तरांनी विचारलं, "काय, किती अडकले?" काकू म्हणाल्या, "एकच," आणि कठड्याला धरून पुढे गेल्या.

घरी बातमी सांगितली तेव्हा काका नुकतेच कामावरून आले होते. त्यांचा धंदा लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्याचा. पण घरातलं कोणी अडकलं की ते पान्हा घ्यावा की चहा, या विचारात पडतात.

"सगळे बुडणार?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"जगाला मिळवून देतेस आणि आपलेच कसे?"

"अहो, काल फोन करायचा तो आज केला."

"पण तू तर एक दिवस आधीच..."

"हो," काकू म्हणाल्या. "तो दिवस कोणीच आधी घेतला नव्हता."

सासूबाई आतून म्हणाल्या, "त्यात काय एवढं? मी मेले म्हणून सांग."

"आई."

"अगं, शहाऐंशीला कोण संशय घेतंय? त्या पडदेवाल्याचे काका मरतात, मी काय पाप केलंय?"

"दाखला मागतात."

"मग थोडी आजारी आहे म्हण. गुडघा दाखव."

"गुडघा अकरा वर्षं तोच आहे."

काका बिचारे मधेच म्हणाले, "आई, तू शुभ बोल." म्हातारी म्हणाली, "शुभ बोलून पैसे मिळत असतील तर बोलते."

काकूंनी हॉटेलचा कागद काढला. सवयीने वरपासून खालपर्यंत वाचायला लागल्या. वर जाड अक्षरांत होतंच, आठ दिवस. खोलीचे नियम, टॉवेलचे नियम, तळ्यात पोहू नये. आणि अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, कुठल्या तरी जुन्या कागदावरून तशीच राहून गेलेली एक ओळ होती. येण्याच्या सात दिवस आधीपर्यंत कळवल्यास पूर्ण रक्कम परत.

विसातून सात गेले, तेरा. आज तेरा.

काकूंनी ती ओळ दोनदा वाचली. एवढी रुंद फट त्यांना कित्येक महिन्यांत सापडली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात सहाला वीस मिनिटं होती. भाऊंना फोन करायचा, ते शांत वाक्य म्हणायचं, आणि सात दिवसांत पैसे परत. मग नणंदेच्या घरी जेवणं होतील, इथे कशात तरी पैसे विरतील, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा अकरा महिन्यांसाठी सात नंबर धरायचा.

"सापडलं का काही?" काकांनी विचारलं.

"बघते. आत रेंज येत नाही," म्हणून काकू बाल्कनीत गेल्या आणि दार ओढून घेतलं. दार ओढून काय व्हायचंय? त्या बिल्डिंगीत बाल्कनीला बाल्कनी चिकटलेली. वाळत घातलेल्या चादरीआड कोण उभं आहे, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

फोन लागला. "बोला ताई," भाऊ म्हणाले. "मालक आज लवकर आलेत, समोरच आहेत. काही कारण मिळालं का?"

काकूंच्या एका हातात फोन, एका हातात कागद. अंगठा बरोबर त्या ओळीच्या खाली. समोरच्या रस्त्यावर एक माणूस पंक्चर झालेली सायकल हाताने ढकलत नेत होता. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत काकू त्याच्याकडे बघत राहिल्या.

"ताई? आहात ना?"

"आहे. भाऊ, तुमच्याकडे सकाळचा चहा किती वाजेपर्यंत मिळतो?"

"दहापर्यंत. पण तुम्ही उशिरा उठलात तर मी ठेवीन."

"ठेवा," काकू म्हणाल्या.

आत आल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो चष्म्याच्या घरात कोंबला. काका तोंडाकडे बघत होते.

"नाही मिळत," काकूंनी सांगितलं. "मी सगळं बघितलं. नाहीच मिळत."

ज्या बाईने परक्या माणसाच्या काकाला सुद्धा कधी खोटं मरू दिलं नाही, तिने स्वतःच्या घरात, चपला न काढता, एवढं बोलून टाकलं. आणि मग चपला काढल्या.

यानंतर जे झालं त्याला म्हणतात घराण्याची रीत. त्या घरात माणूस थकलेला चालतो, वर्षानुवर्षं चालतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. पैसे बुडालेले चालत नाहीत. काकांनी बहिणीला फोन लावला. बायको दमलीय, हे ते अकरा वर्षांत बहिणीला एकदाही सांगू शकले नव्हते. हे मात्र त्यांनी एका दमात सांगितलं. "पैसे बुडतायत. परत मिळत नाहीत. न गेलो तर फुकट जाणार."

"सगळे?" नणंदेने विचारलं.

"सगळे."

"दादा, मग जा की. असे कसे बुडवता? त्या लोकांना मी पुढच्या आठवड्यात बोलावते."

एकोणीसच्या संध्याकाळी नणंद दोन पिशव्या घेऊन हजर. काकूंनी तिला गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या, गॅस कसा बंद करायचा ते दाखवलं, दुधाचं सांगितलं, परत गोळ्यांचं सांगितलं. नणंद म्हणाली, "वहिनी, माझी आई आहे ती." काकू म्हणाल्या, "हो, म्हणूनच."

वीस तारखेला सकाळी निघताना काकू सासूबाईंच्या पाया पडायला वाकल्या. पाठ धरली होती, पटकन उठता येईना. म्हातारीने तेवढ्यात भिंग उशाखालून काढलं आणि ते पदराने पुसत, काकूंनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तो हॉटेलचा कागद मी त्या दिवशी पार खालपर्यंत वाचला होता."

काकू तशाच वाकलेल्या. "कुठल्या दिवशी?"

"कॅलेंडर आलं त्या दिवशी. बारीक अक्षर मला बरं दिसतं, भिंग आहे."

"मग वजा का नाही केलंत?"

"विसरले. वय झालं." सासूबाईंनी भिंग उशाखाली ठेवलं. "मी कोणाला सांगायला जात नाही. ऊठ आता, बस चुकेल. आणि त्या पैशांची वसुली करून ये."

बसमध्ये काकू खिडकीशी बसल्या. तिकीट पुन्हा पुन्हा उलटून बघत होत्या, त्यावर मागे काही अट आहे का. वाटेत त्यांनी घरी तीनदा फोन केला. चौथ्यांदा करायला गेल्या, तेव्हा काकांनी फोन घेऊन स्वतःच्या खिशात टाकला. एवढं धाडस त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच केलं.

काउंटरवरचे भाऊ आवाजावरून वाटायचे त्यापेक्षा बुटके निघाले, आणि बरेच म्हातारे. त्यांनी काकूंना पाहिलं, वहीत नाव पाहिलं, परत काकूंना पाहिलं. "अकरा वर्षं लिहितोय आणि खोडतोय," म्हणाले. "सही करा ताई. या रकान्यात तुमची सही कधी झालीच नाही." काकूंनी सही केली.

सात नंबरचा नवा पडदा खिडकीपेक्षा वीतभर आखूड होता. खुर्चीच्या एका दांडीचा रंग उडाला होता, फोटोत ती बाजू दिसत नसे. काकूंनी पिशवी खाली ठेवली, "जरा टेकते," म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. काका बाथरूममध्ये नळ तपासायला गेले. नळ बरा निघाला, म्हणून त्यांनी शॉवर तपासला. बाहेर येऊन बघतात तर काकूंची मान डावीकडे, अगदी रिसीव्हर धरल्यासारखी, आणि कानाशी काहीच नाही. तोंड किंचित उघडं. पायात चपला तशाच.

दुपार झाली, पाणी चमकलं, पाणी निवलं. काका दोनदा पलंगावर बसले, दोनदा उठले. भाऊ चहा विचारायला आले, ते दारातूनच माघारी गेले. शेवटी खिशातला फोन वाजला. काका तो घेऊन व्हरांड्यात गेले.

"पोचलात का रे?" सासूबाई विचारत होत्या. "पोचल्याचा एक फोन नाही, काही नाही. काय करतेय ती?"

"झोपलीय."

"कधीपासून?"

"आल्यापासून. खुर्चीतच. मान अवघडेल गं तिची. उठवून पलंगावर झोपायला सांगू का?"

पलीकडे नणंद मागून काहीतरी विचारत होती, गोळी पांढरी की गुलाबी. सासूबाईंनी तिला गप्प केलं.

"खबरदार, हात लावून तर बघ," त्या लेकाला म्हणाल्या, आणि फोन ठेवला.